जुन्या सेडानचे शॉक बदलताना

दहा-बारा वर्षं वापरलेली सेडान. गतिरोधक ओलांडला की मागचा भाग दोन-तीनदा डुलतो, छोट्या खड्ड्यातही पुढून ‘ठक’ असा आवाज येतो, घाटातल्या वळणावर गाडी सावरायला वेळ घेते. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: शॉकअप गेलेत, चारही टाका. चारही टाकून गाडी घरी येते, डुलणं थांबतं आणि ‘ठक’ मात्र तसाच राहतो. मग दोष नव्या शॉकवर येतो आणि पुढच्या वेळी आणखी महाग ब्रँडचा शोध सुरू होतो. माझ्या मते जुन्या गाडीत ब्रँड हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आधी नेमकं काय गेलंय ते ठरवा, मग गाडी नवी असताना होता तितक्याच ताकदीचा शॉक घ्या, आणि वाचलेले पैसे त्याच्या आजूबाजूच्या रबराच्या भागांवर खर्च करा.

पहिला घोळ स्प्रिंग आणि शॉक यांच्यात होतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉक वजन पेलत नाही, तो स्प्रिंगचं हलणं थांबवतो. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांच्या व्हॉल्व्हमधून ढकललं जातं आणि हालचालीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. त्यामुळे गाडी एका बाजूला किंवा मागे बसली असेल तर शॉक बदलून ती उठणार नाही. तो स्प्रिंगचा दोष आहे. गाडी उंचीला बरोबर आहे पण एकदा हलली की हलतच राहते, तर तो शॉकचा दोष. उंची घरीच मोजता येते. सपाट जागा, चारही टायरांत बरोबर हवा, गाडी रिकामी. चाकाच्या मध्यापासून त्याच्या वरच्या फेंडरच्या (पत्र्याच्या कमानीच्या) खालच्या कडेपर्यंत टेप लावून चारही आकडे लिहून ठेवा. एकाच अ‍ॅक्सलवर डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्प्रिंग नीट पाहायलाच हवी. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या हवेने स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा गंजतो आणि रबराच्या बैठकीत लपलेल्या जागी तुटतो. तुटलेला तुकडा टेकलेलाच राहतो, त्यामुळे वरवर पाहून कळत नाही. टॉर्च लावून खालच्या वेढ्याचं टोक डोळ्यांनी पाहा. पुढच्या स्प्रिंगचं तुटलेलं टोक टायरच्या आतल्या भिंतीला लागू शकतं, म्हणून यात चालढकल नको.

शॉक गेल्याची सगळ्यात खरी साक्ष टायर देतो. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात गोल फिरवा. थोड्या थोड्या अंतराने खोलगट वाट्यांसारखी झीज लागत असेल, तर ते चाक रस्त्यावर नीट टेकत नव्हतं, उड्या मारत होतं. नुसती एका कडेची झीज वेगळी, ती अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन बिघडल्याची. दुसरी साक्ष तेलाची. शॉकच्या वरच्या भागावर तेलाची पातळ ओलसर झिलई असणं नेहमीचं आहे, कारण रॉड सीलला वंगण म्हणून थोडं तेल बाहेर येतंच. पण तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, त्यात धूळ बसून काळा चिकट थर झाला असेल, तर तो शॉक संपला. बोनेटवर जोर देऊन गाडी दाबण्याची चाचणी सगळे करतात, पण तिच्यावर विसंबू नका. हाताने दाबल्यावर पिस्टन फार हळू सरकतो. पूर्ण मेलेला शॉकच त्यात पकडला जातो. अर्धा कमजोर झालेला शॉक या चाचणीत सहज पास होतो आणि पावसात ८०च्या वेगाने ब्रेक दाबल्यावर नापास होतो.

आता आवाजाबद्दल, कारण पैसे इथेच सगळ्यात जास्त वाया जातात. छोट्या खड्ड्यांवर, पेव्हर ब्लॉकवर हळू जाताना येणारी ‘टकटक’ बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची असते. खात्री करायला दोन्ही बाजूंच्या लिंक रॉडचं एक टोक सोडवून वायरने पक्कं बांधा आणि गल्लीत अगदी हळू एक फेरी मारा. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला. (लिंक सोडलेली असताना वळणावर गाडी जास्त झुकते, म्हणून हे फक्त गल्लीत.) उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवा. ती गुळगुळीत न फिरता अडकून ‘टँग’ करून उसळत असेल तर वरच्या माउंटिंगचं (स्प्रिंग-शॉक वर बॉडीला जोडणाऱ्या भागाचं) बेअरिंग जाम आहे. मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्याचा जड आवाज येत असेल तर बंप स्टॉप (शॉकच्या रॉडवरचा, शेवटचा धक्का झेलणारा मऊ ठोकळा) झिजून पडलेला आहे. लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) मागचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलं असेल तर ब्रेक दाबताना एकदा आणि सोडताना एकदा असा ‘धप’ ऐकू येतो. यातला एकही आवाज नुसता शॉक बदलून जात नाही.

पुढचा आणि मागचा भाग वेगळे समजून घ्या. होंडा सिटी, डिझायर, व्हेंटो, रॅपिड, जुनी व्हर्ना या सगळ्यांची रचना एकच: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब, आणि मागे टॉर्शन बीमवर (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. पुढचा स्ट्रट हा नुसता शॉक नाही. चाकाला वरून धरून ठेवणारा तो एकमेव दांडा आहे. ब्रेकचा, वळणाचा सगळा आडवा जोर त्याच्या रॉडवर येतो, म्हणून त्याचा रॉड अंगठ्याएवढा जाड आणि मागच्या शॉकचा त्याच्या जवळजवळ निम्म्या जाडीचा. स्ट्रटचा रॉड वाकला तर चाकाचा कॅम्बर (आत-बाहेर कलण्याचा कोन) बिघडतो. खोल खड्ड्यात आदळून रिम वाकली असेल आणि त्यानंतर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा स्ट्रट तेल गळत नसला तरी संशयित धरा.

मग घ्यायचं काय? बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात: साधा तेलाचा, दुहेरी नळीचा गॅसवाला आणि एकेरी नळीचा जास्त दाबाचा. साध्या तेलाच्या शॉकमध्ये सतत खड्डे लागले की तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस व्हॉल्व्हमधून विनासायास निघून जातो. वीस-पंचवीस किलोमीटर खराब रस्ता झाला की गाडी अचानक लोळू लागते. दुहेरी नळीच्या गॅस शॉकमध्ये तेलावर नायट्रोजनचा हलका दाब असतो, त्यामुळे फेस कमी होतो. एकेरी नळीत हाच दाब कित्येक पटींनी जास्त, साधारण २० ते ३० बार. तो थंड राहतो आणि प्रतिसाद झटपट देतो, पण रॉडला सतत बाहेर ढकलत असल्याने छोट्या भेगाही अंगाला जाणवतात. त्याची बाहेरची नळी हीच सिलिंडर असल्यामुळे दगड लागून पोचा आला की पिस्टन अडकतो.

रोज शहरात आणि महिन्याकाठी हायवेवर चालणाऱ्या जुन्या सेडानला दुहेरी नळीचा, मूळच्याच ताकदीचा गॅस शॉक घ्यावा, असं मी ठामपणे सांगेन. बिलस्टीन कंपनीच्या बी-६ सारखा कडक शॉक चांगला नाही असं नाही. तो फार उत्तम आहे. पण तो बसवला की प्रत्येक धक्का माउंटिंग, लोअर आर्म बुश, डॅशबोर्डचे क्लिप यांच्याकडे जास्त जोराने जातो, आणि बारा वर्षांच्या गाडीत हे सगळे भाग आधीच थकलेले असतात. ते सगळं नवं करणार असाल तर जरूर घ्या. बी-८ हा खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला प्रकार आहे. मूळ स्प्रिंगवर तो घेऊ नका. गॅब्रिएल १९६१ पासून भारतात शॉक बनवते आणि तिचे कारखाने चाकणला, नाशिकला आहेत. मुंजाल शोवा मारुती आणि होंडाला पुरवठा करत आली. मनरो आणि केवायबी यांचे बदली शॉकही मिळतात. यातला तुमच्या गाडीचा नेमका पार्ट नंबर ज्याच्याकडे आहे, तो घ्या. ‘सगळ्यांना बसतो’ असं सांगून दिलेला भाग घेऊ नका.

पार्ट नंबर चॅसिस नंबरवरून काढा, नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून नाही. एकाच सेडानच्या पेट्रोल आणि डिझेलमध्ये पुढच्या स्ट्रटची ताकद आणि स्प्रिंग वेगळी असते, कारण डिझेल इंजिन जड असतं. ऑटोमॅटिकलाही कधी कधी वेगळा नंबर असतो. डावा-उजवा फरकही पाहा: ब्रेक होसची पट्टी, एबीएसच्या वायरचा क्लिप आणि लिंक रॉडचा कान यांची जागा दोन्ही बाजूंना वेगळी असू शकते. दुकानातच नवा आणि जुना शेजारी ठेवून उंची, स्प्रिंगच्या ताटलीची जागा, कानाचा कोन जुळवा. पेटीवरचा उत्पादनाचा महिना आणि होलोग्राम तपासा, बिल घ्या. रॉड आतपर्यंत दाबा: गॅसवाला आपोआप, सावकाश आणि सलग बाहेर यायला हवा. जोडीतले दोन्ही साधारण एकाच वेगाने आले पाहिजेत. नेहमी जोडीनेच बदला. एक नवा आणि एक जुना असेल तर ब्रेक मारताना गाडी सरळ राहत नाही.

कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत ‘रिपेअर’ केलेले शॉक निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. जुन्या नळीला भोक पाडून तेल भरतात, वेल्डिंग करतात, रंग देतात. आतले झिजलेले व्हॉल्व्ह तसेच राहतात, गॅसचा दाब नसतो, तेलाची जात चुकीची असते. दाबून पाहिला तर तो कडक लागतो, आणि नेमकं त्यामुळेच माणूस फसतो. पुढच्या स्ट्रटसाठी तर हा प्रकार धोकादायक आहे, कारण तिथे वेल्डिंगची जागा वळणाचा जोर सोसत असते. बजेट कमी असेल तर आधी जी जोडी खराब आहे तीच नवी घ्या, दुसरी सहा महिन्यांनी.

सीएनजी किट लावलेल्या गाडीचा प्रश्न वेगळा आहे. ६० लिटरचा लोखंडी सिलिंडर रिकामाच पन्नास-साठ किलोचा असतो, म्हणजे डिकीत कायमचा एक प्रवासी. त्यात गणपतीला गावी जाताना पाच माणसं आणि सामान. अशी गाडी मागे बसते, आणि शॉकचा रॉड कायम अर्धा आत राहतो. खड्ड्यात त्याला सरकायला जागाच उरत नाही आणि तो बंप स्टॉपवर आपटत राहतो. इथे नुसता कडक शॉक घेऊन उपयोग नाही. मागच्या स्प्रिंग थोड्या जास्त ताकदीच्या घ्या, मिळत नसतील तर निदान नव्या मूळ स्प्रिंग. स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर मी सुचवत नाही. गाडी लगेच उठलेली दिसते, पण ज्या वेढ्यात बफर बसतो तो वेढा काम करणं थांबवतो, त्याचं काम बाकीच्यांवर पडतं, आणि बफरच्या कडेला रंग घासला जाऊन गंज तिथूनच सुरू होतो.

रबराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवे शॉक वर्षभरात जातात ते इथे कंजूषी केल्यामुळे. बंप स्टॉप हा फेसासारख्या पॉलियुरेथेनचा असतो. आठ-दहा वर्षांत तो बिस्किटासारखा चुरा होतो. तो नसला की खोल खड्ड्यात पिस्टन थेट तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि नवा शॉक आतून तुटतो. रॉडभोवतीचं डस्ट कव्हर फाटलं असेल तर चिखल-वाळू रॉडच्या क्रोमवर बसते, प्रत्येक फेरीत सीलला घासते, सील कापलं जातं आणि तेल गळतं. म्हणजे जुनं डस्ट कव्हर नव्या शॉकवर चढवणं म्हणजे त्याच्या सीलवर पॉलिश पेपर फिरवणं. पुढच्या जोडीसोबत दोन माउंटिंग, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप, दोन डस्ट कव्हर, स्प्रिंगच्या वरच्या-खालच्या रबरी बैठका आणि दोन लिंक रॉड घ्या. मागच्या जोडीसोबत दोन बंप स्टॉप, वरची बुशं आणि स्प्रिंगची चार रबरं. सोबत नवे नट-बोल्ट. नायलॉन रिंगचे नट एकदा काढले की त्यांची पकड जाते, आणि व्हेंटो-रॅपिडमध्ये बरेच बोल्ट ताणून बसवायचे असतात, म्हणजे ठरलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) देऊन वर ठरलेले अंश फिरवायचे. ते पुन्हा वापरायचे नसतात.

बसवताना तुम्ही शेजारी उभे राहणार असाल, तर पुढच्या गोष्टींवर नजर ठेवा.

गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला सांगा. गाडी जॅकवर नव्हे, घोडीवर (पक्क्या स्टँडवर). डिझायर, सिटीमध्ये स्ट्रट नकलला (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टने जोडलेला असतो. काढण्याआधी बोल्टच्या डोक्याभोवती आणि पट्टीच्या कडेने रंगाची खूण करा, म्हणजे परत बसवताना कॅम्बर जवळपास तिथेच येतो. व्हेंटो-रॅपिडमध्ये स्ट्रटची नळी नकलच्या कड्यात आत बसते आणि ते कडं उघडायला खास स्प्रेडर लागतो. तो नसताना हातोडा आणि छिन्नी वापरली तर अ‍ॅल्युमिनियम असो वा लोखंड, कडं फाटतं. नळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसली नाही तर गाडी त्या बाजूला उंच राहते, आणि मग लोक स्प्रिंगला दोष देतात. सुटलेलं नकल ब्रेक होसवर किंवा एक्सलवर लटकू देऊ नका, वायरने बांधा. बाहेर कललं तर गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट निसटतो.

स्प्रिंग काढताना वरचा मधला नट स्प्रिंग दाबून बैठकीवर सैल होईपर्यंत हलवायचा नाही. यात कुठलाही अपवाद नाही. कॉम्प्रेसरचे (स्प्रिंग दाबायच्या अवजाराचे) दोन्ही हुक समोरासमोर, आळीपाळीने दोन-दोन फेरे, आणि चेहरा स्प्रिंगच्या टोकासमोर कधीच नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो.

नवा शॉक उभा धरून रॉड पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर असा तीन-चार वेळा सावकाश चालवा. पेटीत आडवा पडून राहिल्याने गॅस आतल्या नळीत शिरलेला असतो. न चालवता बसवला तर पहिले काही दिवस कटकट आवाज येतो. रॉड पक्कडीने धरायचा नाही. क्रोमवर उठलेला एक ओरखडा सील फाडायला पुरेसा आहे. वरचा नट एअर गनने आवळायचा नाही. रॉड गरगर फिरतो आणि आतला पिस्टनचा नट ढिला होतो किंवा सील जळतं. रॉडच्या टोकाला ऍलन की घालून हातानेच आवळा. स्प्रिंगचं खालचं टोक ताटलीच्या पायरीला टेकलंय का पाहा. माउंटिंगवर बाण असेल तर तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या दिशेलाच यायला हवा. बेअरिंग उलटं बसलं तर पहिल्याच वळणावर स्प्रिंग ‘टँग’ करते. हे फार वेळा घडतं.

मागे, शॉकचा खालचा बोल्ट काढण्याआधी टॉर्शन बीमखाली जॅक द्या. बीम किती खाली लोंबेल हे शॉकच ठरवतो. आधार नसेल तर बीम पडून ब्रेकचा पाइप ताणला जातो, स्प्रिंग बाहेर येते. नव्या गॅस शॉकला बांधलेली पट्टी वरचं टोक बसल्यावरच कापा.

आणि जी गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये चुकते ती ही: रबर बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाक लोंबत असताना आवळलं तर बुश त्याच स्थितीत घट्ट धरली जाते, गाडी खाली आल्यावर ती कायमची पिळलेली राहते, आणि काही महिन्यांत फाटते. आधी बोल्ट हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या आणि मग टॉर्क पान्याने पूर्ण आवळा. चाकाच्या नट-बोल्टांचा आकडाही पाळा: होंडाला १०८ न्यूटन-मीटर, व्हेंटोला १२०. बाकीच्या बोल्टसाठी तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा घ्या, दुसऱ्या गाडीचा नाही.

काम झाल्यावर पुन्हा चारही उंचींचे आकडे मोजून जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. नव्या स्प्रिंग टाकल्या असतील तर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये त्या थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट दोनदा करा: एकदा लगेच, एकदा ५०० किलोमीटरनंतर. त्याच वेळी सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या. अलाइनमेंटच्या कागदावर डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर ‘चालेल’ हे उत्तर मान्य करू नका. खुणेवर परत बसलेला स्ट्रट नवा असताना असा फरक येत असेल तर नकल, लोअर आर्म किंवा सबफ्रेम (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) यांतलं काहीतरी वाकलेलं किंवा सरकलेलं असतं.

एक आवाज मात्र नव्या शॉकनंतरही राहतो, आणि त्यात शॉकचा दोष नसतो. वाटीसारखी झीज झालेले टायर ५०-६०च्या वेगाला घूं-घूं करतात, अगदी चाकाच्या बेअरिंगसारखे. त्या टायरांची जागा पुढे-मागे बदला. झीज उथळ असेल तर नवे शॉक ती दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये बऱ्यापैकी सपाट करतात. खोल असेल तर टायरच बदलावे लागतील, आणि ते शॉकच्या आधी नव्हे, नंतर घ्या. मेलेल्या शॉकवर चढवलेले नवे टायर पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा वाट्या धरतात.